विंडोज ११ टाकल्यावर घरचं वाय-फाय रुसलं? राऊटरच्या भोकात पिन घालण्याआधी हे वाचा

मी घरूनच अकाउंट्सची आणि जीएसटीची कामं करते, कॉम्प्युटर इंजिनियर वगैरे अजिबात नाही, त्यामुळे हा लेख माझ्यासारख्याच माणसांसाठी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकट सपोर्ट संपला, रोज स्क्रीनवर ती अपग्रेडची चौकट यायची, शेवटी वैतागून पुढच्याच महिन्यात १८ तारखेच्या रात्री मी अपग्रेडचं बटण दाबलं आणि झोपले. ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसले असतील, कारण २० तारीख ही जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख असते आणि चुकली की रोजचे ५० रुपये लेट फी. सकाळी उठून बघते तर लॅपटॉप नवाकोरा दिसतोय, वाय-फाय कनेक्टेड म्हणतंय, पण खाली लिहिलंय नो इंटरनेट.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. राऊटरच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरली. बाहेर हॉलमध्ये सासूबाईंचा टीव्ही त्याच राऊटरवर मस्त चालू होता, भजन लागलेलं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की अगं नेट तर येतंय की घरात! पिन दाबली, भजन बंद. मग अख्ख्या घराचं नेट गेलं, केबलवाले दादा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, त्यांनी राऊटर परत चालू करून दिला आणि लॅपटॉपवर तरीही तेच, नो इंटरनेट. रिटर्न मी नणंदेच्या लॅपटॉपवर बसून भरलं.

तर तुमचं असं होऊ नये म्हणून क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, मधूनच उडी मारू नका.

आधी हाताशी काय काय हवं

- अँड्रॉइड फोन, डेटा पॅक असलेला, आणि त्याची डेटा जाणारी केबल. स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्याने टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, होत नाही आणि आपण उगाच फोनला शिव्या घालतो.
- लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल. खालच्या बाजूला स्टिकर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. फक्त कंपनीचं नाव पुरत नाही.
- राऊटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो. त्यावर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि राऊटरच्या आत शिरायचा पत्ता असतो.
- नेटचं कनेक्शन घेताना केबलवाल्याने दिलेला युजरनेम आणि पासवर्ड. हा वाय-फायचा पासवर्ड नाही बरं का, हा वेगळा, पीपीपीओई म्हणतात त्याचा. बहुतेकांकडे हा नसतोच, माझ्याकडेही नव्हता.
- एक पेनड्राइव्ह, आणि मिळाली तर एक लॅन केबल.

१. राऊटर निर्दोष आहे का ते बघा

फोनचा मोबाईल डेटा बंद करा, वाय-फाय चालू करा आणि काहीतरी नवीन उघडा, म्हणजे कधी न बघितलेली साइट, कारण आधी बघितलेलं कधीकधी साठवलेलं दिसतं. फोनवर किंवा टीव्हीवर चालतंय? मग लाईन ठीक, राऊटर ठीक, रोग लॅपटॉपमध्ये आहे. इथून पुढे राऊटर रीसेट करायचा नाही.

फोनवरही चालत नसेल तर राऊटरवरचे दिवे बघा. फायबर असेल तर एलओएस नावाचा दिवा लाल झालाय किंवा लाल लुकलुकतोय म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीये, वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निघाली. याचा तुमच्या अपग्रेडशी काही संबंध नाही, योगायोग आहे, सरळ केबलवाल्याला फोन करा. पॉन नावाचा दिवा हिरवा स्थिर असेल आणि तरी कुठेच नेट नसेल तर राऊटरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबून चालू करा. हे चालतं. बंद-चालू करणं वेगळं आणि पिन घालून रीसेट करणं वेगळं, पहिल्यात काही पुसलं जात नाही, दुसऱ्यात सगळं पुसलं जातं.

२. लॅपटॉप खरोखर रीस्टार्ट करा

शट डाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, त्यामुळे शट डाउन केल्यावरही आतलं बरंचसं जसंच्या तसं साठवून ठेवलेलं असतं आणि पुढच्या वेळी तेच परत येतं. मेनूतून रीस्टार्टच निवडायचं. मोठ्या अपग्रेडनंतर दोनदा करा. आणि हो, एअरप्लेन मोड चुकून चालू नाही ना, आणि तारीख-वेळ बरोबर आहे ना हेही बघून घ्या. वेळ चुकीची असली तर नेट असूनही साइट उघडत नाहीत, ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही.

३. नेमकं काय दिसतंय ते ओळखा

"नेट चालत नाही" हे वाक्य डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. खालचं कोपऱ्यातलं चिन्ह नीट बघा. वाय-फायचं चिन्हच नसेल, किंवा सेटिंग्जमध्ये वाय-फाय हा पर्यायच दिसत नसेल तर चौथी पायरी. चिन्ह आहे, शेजाऱ्यांची सगळी नेटवर्क दिसतात पण आपलं दिसत नाही, किंवा दिसतं पण जोडत नाही, तर पाचवी. जोडलंय पण नो इंटरनेट, तर सहावी, आणि मी अडकले होते ती हीच.

४. वाय-फायचं चिन्हच गायब

म्हणजे ड्रायव्हरचा घोळ. लॅपटॉपमधल्या वाय-फायच्या चिपला विंडोजशी बोलायला एक दुभाष्या लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर, आणि जुना दुभाष्या नव्या विंडोजला कधी चालत नाही.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. तिथे पिवळा त्रिकोण असलेलं किंवा अदर डिव्हाइसेसखाली नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेलं काही दिसतंय का? ते आपलं चिप. आता गंमत अशी की ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा. इथे फोन कामाला येतो. फोन केबलने लॅपटॉपला लावा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या खाली यूएसबी टेदरिंग असतं ते चालू करा, लॅपटॉपला वाटतं लॅन केबल लावलीय आणि नेट सुरू होतं. वेगळं काही टाकावं लागत नाही. आयफोनवाल्यांना मात्र आधी त्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर लागू शकतं, त्यांनी घरातला एखादा अँड्रॉइड उसना घ्यावा.

नेट आलं की सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ऑप्शनल अपडेट्स. ड्रायव्हर बरेचदा इथेच लपून बसलेला असतो आणि आपण टिक केल्याशिवाय उतरत नाही. तिथे नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमचं पूर्ण मॉडेल टाकून विंडोज ११ चा वायरलेस ड्रायव्हर घ्या. गूगलवर "फ्री ड्रायव्हर अपडेटर" शोधून मिळणारी सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांच्याबरोबर नको त्या गोष्टी येतात आणि वर पैसे मागतात.

उलटा प्रकारही होतो. अपग्रेडनंतर चालत होतं आणि दोन दिवसांनी आपोआप अपडेट येऊन बंद पडलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरवर डबल क्लिक करा, ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक ड्रायव्हर असतं. ते पुसट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

आणि नेट येतं पण लॅपटॉप झोपून उठला की जातं, अशी तक्रार असेल तर त्याच खिडकीत पॉवर मॅनेजमेंट टॅब असल्यास तिथली वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यायची टिक काढा.

५. आपलं नेटवर्क दिसत नाही किंवा जोडत नाही

सगळ्यात आधी जुनी ओळख पुसा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, आपल्या नावासमोर फर्गेट. मग नव्याने पासवर्ड टाकून जोडा. पासवर्ड आठवत नसेल तर फर्गेट करायच्या आधी फोनवरून बघून घ्या, अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या वाय-फायवर शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो.

नेटवर्क दिसतच नसेल तर राऊटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं आहेत का बघा. जुन्या लॅपटॉपच्या काही चिपना ५ कळतच नाही. २.४ वर राऊटर चॅनल १२ किंवा १३ वर बसला असेल तर काही चिप ते बघत नाहीत, १, ६ किंवा ११ ठेवलं की दिसायला लागतं. हे राऊटरच्या आत जाऊन बदलायचं असतं, फोनच्या ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाकून, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. आत गेल्यावर फक्त तेवढंच बदला. बाकीच्या पानांवर, विशेषतः वॅन (बाहेरून येणाऱ्या लाईनची माहिती) लिहिलेल्या पानावर, बघा पण बोट लावू नका, आणि त्या पानाचा फोटो मात्र काढून ठेवा.

पासवर्ड बरोबर असूनही जोडत नसेल तर सुरक्षेचा प्रकार बघा. राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुना ड्रायव्हर अडतो, तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. दुसऱ्या टोकाला, वर्षानुवर्षं जुना राऊटर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपीवर असेल तर ते आता असुरक्षित धरलं जातं, विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज त्यावर इशारा देतंच, तिथे डब्ल्यूपीए२ एईएस करा.

एक फसवा प्रकार, आपल्याकडे छोट्या केबलवाल्यांकडे किंवा सोसायटीत हमखास. राऊटरमध्ये मॅक फिल्टर लावलेला असतो, म्हणजे ठराविक उपकरणांचे नंबर नोंदवलेले, बाकीच्यांना प्रवेश नाही. आणि लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस चालू असेल तर लॅपटॉप वेगळाच नंबर सांगतो आणि राऊटर म्हणतो तू कोण? ते बंद करा.

६. जोडलंय पण नो इंटरनेट

इथे थोडा वेळ द्या. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, मी इथे उच्चार लिहितेय. पहिली: आयपीकॉन्फिग, आणि एंटर. जी वाय-फायची ओळ असेल तिच्याखाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, म्हणजे लॅपटॉपचा पत्ता, आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राऊटरचा पत्ता, बघा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राऊटरकडून पत्ताच मिळाला नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलाय. लॅपटॉप राऊटरच्या दारापर्यंत गेला, आत कुणी घेतलं नाही, असं समजा. मग पिंगची परीक्षा सोडा, खाली सांगितलेली टिकची यादी बघा आणि तरी नाही तर सातवी पायरी.

पत्ता १९२.१६८ वगैरे नीट असेल तर पुढची परीक्षा. पिंग, स्पेस, आणि गेटवेचा पत्ता. रिप्लाय आला म्हणजे राऊटरपर्यंत रस्ता आहे. मग पिंग ८.८.८.८, हा बाहेर इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. यालाही रिप्लाय आला पण साइट उघडत नाहीत, म्हणजे फक्त नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा, डीएनएस, अडलीय. वाय-फायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस असाइनमेंट एडिट करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, झालं काम.

आता मॅन्युअल पत्त्याचा सापळा. कधीकाळी केबलवाल्याने लॅपटॉपमध्ये हाताने पत्ता भरून दिला असेल तर अपग्रेडमध्ये तो पुसला जाऊ शकतो, आणि त्याच्या लाईनला तोच पत्ता लागत असेल तर नेट बंद. याच्याच जोडीला, राऊटर नसून केबल सरळ लॅपटॉपला लावून "कनेक्ट" दाबून नेट चालवणारे अजूनही आहेत, त्यांचं ते डायल-अप कनेक्शनच कधी गायब होतं, ते नव्याने बनवावं लागतं, युजरनेम पासवर्डसकट. अपग्रेडच्या आधी या दोन्हीचा फोटो काढून ठेवा.

आणि आता माझा रोग. मला पत्ता नीट मिळाला होता, पिंग मात्र गेटवेलाही नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग लावलं तर त्यावरही नो इंटरनेट! इथे माझी ट्यूब पेटली, कारण टेदरिंगमध्ये राऊटर कुठे आहेच नाही, म्हणजे लॅपटॉपच्या आत काहीतरी सगळ्याच रस्त्यांवर आडवं बसलंय. लॉकडाउनमध्ये २०२० साली एका क्लायंटच्या सर्व्हरवर काम करायला मी त्यांचं व्हीपीएन, म्हणजे घरून त्यांच्या नेटवर्कमध्ये शिरायचं सॉफ्टवेअर, टाकलं होतं, काम संपलं, ते तसंच पडून होतं, मी विसरूनही गेले होते. असली व्हीपीएन आणि काही अँटीव्हायरस नेटच्या वाटेवर स्वतःचं एक चेकनाकं बसवतात. विंडोज बदललं की नाक्यावरचा माणूस जातो पण फाटक तसंच पडलेलं राहतं. हे काही नवीन नाही, २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हाही जुन्या व्हीपीएनमुळे वाय-फाय गायब झाल्याचे प्रकार झाले होते.

बघायचं कसं: विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, एनसीपीए टिंब सीपीएल टाका. वाय-फायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. एक यादी येईल. त्यात क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस, आयपीव्ही४, आयपीव्ही६ अशी नावं आपलीच, त्यांना हात नको. एखाद्या व्हीपीएनचं किंवा अँटीव्हायरसचं नाव, किंवा फिल्टर असं लिहिलेलं दिसलं तर त्याची टिक काढा, ओके करा आणि बघा. माझं नेट त्या एका टिकवर आलं, दोन दिवसांची मगजमारी आणि एक टिक! नंतर ते व्हीपीएन अ‍ॅप्समधून नीट काढून टाकलं आणि रीस्टार्ट केलं. अँटीव्हायरस असेल तर त्याच्या कंपनीचं स्वतःचं काढायचं टूल वापरा, नाहीतर फाटक परत राहतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र हे करू नका, आयटीवाल्यांना फोन करा.

७. तरीही नाही, तर लॅपटॉपचं नेटवर्क रीसेट

लक्षात घ्या, लॅपटॉपचं, राऊटरचं नाही. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, सगळ्यात खाली नेटवर्क रीसेट. यात सगळी अडॅप्टर काढून परत बसवली जातात. साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, हाताने भरलेले पत्ते जातात, व्हीपीएन परत टाकावी लागते. बटण दाबल्यावर पाच मिनिटांत लॅपटॉप स्वतः बंद होऊन चालू होतो, तेव्हा टॅलीची फाइल आधी सेव्ह करा. मी सांगतेय कारण माझी राहिली होती.

८. नेट आलं, पण प्रिंटर किंवा राऊटरचा पेनड्राइव्ह उघडत नाही

वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क पब्लिक झालंय का बघा, घरचं असेल तर प्रायव्हेट करा, प्रिंटर दिसायला लागतो. राऊटरला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावून घरात फाइल शेअर करत असाल आणि विंडोज ११ प्रो ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर बिनपासवर्डचं शेअरिंग आता मुळातच बंद ठेवलेलं आहे. राऊटरमध्ये त्या शेअरला युजर आणि पासवर्ड लावा. विंडोजचं ते कुलूप उघडायचे उपाय सापडतात, पण मी ते करत नाही, क्लायंटचे कागद असतात.

९. परतीची गाडी दहा दिवसांचीच

काहीच जमलं नाही तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. अपग्रेडपासून दहा दिवसांत विंडोज १० वर परत जाता येतं, नंतर ते बटण मरतं. मध्येच डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजच्या फाइल उडवल्यात तरीही मरतं, जागा हवी म्हणून हे करणारे माझ्या ओळखीत दोघं आहेत. परत गेलात तर घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत आणि त्यासाठी नाव नोंदवावं लागतं.

१०. आणि आता राऊटर

फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळ्यावर नेट नाही, दिवे ठीक आहेत, बंद-चालू करून झालं, तरच इथे या. तरीसुद्धा पिन नको. आधी केबलवाल्या दादांना फोन करा आणि एवढं विचारा: माझा पीपीपीओईचा युजरनेम पासवर्ड काय, व्हीलॅन आयडी लागतो का, आणि रीसेट केल्यावर राऊटर तुमच्याकडून आपोआप सेट होतो की कुणी घरी यावं लागतं? मोठ्या कंपन्यांचं बरेचदा आपोआप होतं, गल्लीतल्या केबलवाल्यांचं बहुधा नाही, आणि ते गणपतीत किंवा शनिवार-रविवारी येत नाहीत.

ते घरी आले की लॅपटॉपवर पटापट भरून निघायच्या घाईत असतात. तेव्हा त्यांना चहा द्या आणि वॅनचं पान उघडं असेपर्यंत फोटो काढून घ्या, पासवर्ड ठिपक्यांत दिसत असेल तर तोंडी विचारून लिहून घ्या. माझ्याकडे तो कागद आता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, गॅसच्या नंबराशेजारी.